नामनिश्चिती आणि परोपजीवी कीटक : जैविक कीडनियंत्रणाच्या इतिहासातील एक उपेक्षित धागा

भिंतीच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या चौकटीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी महाराष्ट्रातील घराघरांत परिचयाची आहे. ती कोठून तरी एखादी हिरवी अळी उचलून आणते, घरट्यात कोंडते आणि तोंड मातीने लिंपून टाकते. काही दिवसांनी ते तोंड फुटते, पण त्यातून अळी बाहेर पडत नाही. दुसरी कुंभारीण बाहेर पडते. या दृश्याचा अर्थ लावताना भारतीय परंपरेने ‘भृंगकीटकन्याय’ हा दृष्टांत घडविला. कोंडलेला कीटक भयाने भृंगीचे अखंड चिंतन करतो व अखेर भृंगीच होऊन जातो, असे त्याचे तात्पर्य. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने मानलेल्या चोवीस गुरूंत या कीटकाची गणना आहे, आणि एकनाथी भागवताच्या नवव्या अध्यायामुळे तो मराठी श्रोत्यांच्या कायमचा परिचयाचा झाला. दृष्टांत म्हणून त्याचे मोल कमी नाही. तथापि निरीक्षण म्हणून पाहिले, तर त्यात दोन भिन्न प्राण्यांना एकच मानण्याची चूक आहे. जो खाल्ला गेला आणि ज्याने खाल्ले, त्या दोघांना येथे एकाच जीवाच्या दोन अवस्था समजण्यात आले.

ही चूक केवळ भारतीयांची नव्हे. चीनच्या ‘शिजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातही अळी पळवून नेणाऱ्या गांधीलमाशीचा उल्लेख आहे, व त्यावरील भाष्यकारांनी असा अर्थ लावला की ही माशी परक्याचे पोर आणून आपले म्हणून वाढविते. त्या अळीचे ‘मिंगलिंग’ हे नाव चिनी भाषेत पुढे दत्तक पुत्राचा वाचक शब्द म्हणून रूढ झाले. इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकांत ताओ होंगजिंग या वैद्यकपंडिताने घरट्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून सांगितले की माशी स्वतःचे अंडे घालते आणि आणलेली अळी हे तिच्या पिल्लाचे अन्न असते. निरीक्षण अचूक होते, पण भाषेवर त्याचा काही परिणाम झाला नाही. दत्तक पुत्र तो दत्तक पुत्रच राहिला. एकदा शब्दाच्या आश्रयाला गेलेला समज वस्तुस्थितीच्या एका धक्क्याने ढळत नाही, हे भाषाभ्यासकास नवीन नाही.

युरोपात हाच प्रकार निराळ्या रूपाने घडला. इटलीतील उलिस्से आल्द्रोवांदी याने कीटकांवरील आपल्या १६०२ च्या ग्रंथात कोबीवरील अळीच्या अंगातून बाहेर पडलेल्या पिवळसर पुंजक्यांची नोंद केली आहे. त्याने त्यांना अळीची अंडी म्हटले. वस्तुतः ते एका चिमुकल्या परोपजीवी कीटकाचे रेशमी कोष होते. या कीटकाची मादी जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालते, तिची पिल्ले अळीचे शरीर आतून खाऊन वाढतात, आणि वाढ पुरी होताच त्वचा भेदून बाहेर येऊन कोष विणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्याच्या आरंभी लिस्टर, व्हालिसनेरी, लेव्हेनहुक आदींच्या निरीक्षणांतून हा उलगडा हळूहळू होत गेला. कोषास अंडे म्हटले की त्या अंड्याची माता अळीच ठरते, आणि मग शत्रू कोठेच उरत नाही. जैविक कीडनियंत्रणाची कल्पना सुचण्यापूर्वी हे नाव सुटणे आवश्यक होते.

येथे परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ऊ, गोचीड किंवा जंत आपल्या पोशिंद्याला पिडतात, पण सामान्यतः त्याला जगू देतात, कारण त्याच्या जगण्यावर त्यांचे जगणे अवलंबून असते. वाघ वा कोळी आपले भक्ष्य तत्काळ मारतो, आणि आयुष्यात अशी अनेक भक्ष्ये मारतो. गांधीलमाशीच्या कुळातील ज्या कीटकांचा येथे विचार चालला आहे ते या दोन्हींच्या मध्ये बसतात. त्यांचे पिल्लू एकाच पोशिंद्यावर वाढते, परंतु अखेरीस त्याला निश्चितपणे मारते. या वर्गास स्वतंत्र पारिभाषिक संज्ञा मिळण्यास १९१३ साल उजाडावे लागले. फिनलंडचा कीटकशास्त्रज्ञ ओ. एम. रॉयटर याने ती योजिली. मराठीत ‘परोपजीवी’ हा एकच शब्द उवेलाही चालतो आणि या कीटकालाही चालतो. कृषिविषयक मराठी लेखनात ‘परोपजीवी कीटक’ असा जोडशब्द वापरून ही उणीव काहीशी भरून काढली जाते, आणि प्रस्तुत लेखातही तोच वापरला आहे. कुंभारीण माशी मात्र काटेकोरपणे या वर्गात येत नाही. ती भक्ष्य पकडून घरट्यात साठविते. खरे परोपजीवी कीटक पोशिंदा जेथे असेल तेथेच त्याला गाठून अंडे घालतात.

या कीटकांचा शेतीत उपयोग करून घ्यावा ही सूचना इरॅस्मस डार्विन याने १८०० साली ‘फायटोलॉजिया’ या ग्रंथात केली. ती प्रत्यक्षात येण्यास आणखी आठ दशके लागली. १८८३ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातील सी. व्ही. रायली याने कोबीवरील अळीचा परोपजीवी इंग्लंडहून अमेरिकेत आणविला, आणि तो तेथे स्थिरावला. हा कीटक म्हणजे आल्द्रोवांदीने ज्याच्या कोषांना अंडी म्हटले होते तोच. पुढे १८८८–८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आणलेल्या ढालकिड्याने लिंबूवर्गीय बागा वाचविल्या. तो ढालकिडा परभक्षी होता, परोपजीवी नव्हे; परंतु त्या विजयाचा गाजावाजा एवढा झाला की या शास्त्राचा इतिहास बहुधा तेथूनच सांगितला जातो.

या इतिहासाची मांडणी साधारणतः एका ठरावीक साच्याने होते. परदेशी कीड येते, पिकाचा नाश करते, कोणी साहसी संशोधक तिच्या मूळ देशी जाऊन तिचा वैरी शोधून आणतो, वैरी सोडला जातो आणि पीक वाचते. हा साचा खोटा नाही. पण त्यात एक गृहीत धरलेली पायरी आहे, आणि तिच्याकडे लक्ष देण्याचे कारण इतिहासकारांना क्वचितच वाटले. ‘तिच्या मूळ देशी’ जावयाचे, म्हणजे ती कोण हे आधी कळले पाहिजे. परोपजीवी कीटक पोशिंद्याच्या बाबतीत कमालीचा चोखंदळ असतो. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन जातींपैकी एकीत तो सुखाने वाढतो, तर दुसरीत त्याचे अंडे मरून जाते. म्हणून किडीचे नाव चुकले तर देश चुकतो, देश चुकला तर वैरी चुकतो, आणि वर्षानुवर्षांचा शोध व्यर्थ जातो.

केनियातील कॉफीच्या मळ्यांची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. १९२० च्या दशकात तेथे कॉफीवर एका पिठ्या ढेकणाचा उपद्रव सुरू झाला. पिठ्या ढेकूण हा मऊ अंगाचा, पांढऱ्या मेणचट भुकटीने माखलेला, झाडाचा रस शोषणारा कीटक होय. कॉफीप्रमाणेच आफ्रिकी शेतकऱ्यांच्या खाद्यपिकांनाही त्याने सोडले नाही. हे ढेकूण जो गोड चिकटा टाकतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. म्हणून मळेवाल्यांनी झाडांच्या बुंध्यांना चिकट पट्टे बांधून मुंग्यांना अडविण्याचा उद्योग आरंभिला. शास्त्रज्ञांनी प्रथम या ढेकणास लिंबूवर्गीय झाडांवरील एक सर्वपरिचित जात मानले, नंतर आशियात आढळणारी दुसरी एक जात ठरविली. साहजिकच वैऱ्यांचा शोध आशियाकडे वळला. फिलिपाइन्ससारख्या दूरदूरच्या प्रदेशांतून परोपजीवी गोळा करून जहाजांनी आणले गेले, आणि केनियात ते टिकेनात.

आर. एच. ल पेली या कीटकशास्त्रज्ञाने अखेर हा ढेकूण त्या दोहोंपेक्षा वेगळा असल्याचे दाखवून १९३५ साली त्याला नवे नाव दिले. नवी जात ठरताच प्रश्नाचे स्वरूप पालटले. तिचा वास अन्यत्र कोठे आहे हे शोधता ती शेजारच्या युगांडात आढळली, आणि तेथे ती उपद्रवी नव्हती, कारण तिचे वैरी तेथे हजर होते. १९३८ मध्ये युगांडातून अॅनागायरस प्रजातीचा एक परोपजीवी आणून सोडला गेला व अल्पावधीत कीड आटोक्यात आली. ज्यासाठी समुद्र ओलांडले ते सरहद्दीपलीकडे होते. यात एक गंमतही आहे. नव्या जातीस दिलेले ‘केनियाए’ हे विशेषण केनियाचे नाव मिरविते, आणि केनियात तर ती उपरी होती! पहिला नमुना ज्या देशी सापडतो त्याचे नाव चिकटते, आणि नियमानुसार ते पुढे बदलता येत नाही.

कॅलिफोर्नियातील लाल खवले किडीच्या बाबतीत घोटाळा किडीच्या नावाचा नव्हता, वैऱ्याच्या नावाचा होता. संत्र्या-लिंबांच्या फांद्यांना व फळांना चिकटून बसणारी ही कीड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आली. झाडांवर तंबू ताणून आत विषारी वायू सोडण्याचा उपाय बराच काळ चालला. पण १९१० नंतर त्या वायूला न जुमानणाऱ्या किडी आढळू लागल्या. दरम्यान वैरी शोधण्याचे प्रयत्न चालूच होते. पूर्व आशियात गेलेल्या संशोधकांना लाल खवले किडीवर अफायटिस नावाच्या प्रजातीतील पिवळे, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे परोपजीवी वारंवार दिसत. परंतु त्या प्रजातीची एक जात कॅलिफोर्नियात आधीच होती, आणि ती फारशी उपयुक्त ठरली नव्हती. आशियात दिसते ती हीच, असे धरून चालल्यामुळे ती आणण्याचे कारण कोणास दिसले नाही. हाताशी आलेला उपाय केवळ ‘हा आपल्याकडे आहेच’ या समजुतीने कित्येक दशके मागे राहिला.

समजूत निराधार होती असे म्हणता येत नाही. काचपट्टीवर वाळून चुरगळलेल्या नमुन्यांत या जातींतील भेद खरोखरच दिसत नव्हते. भेद दिसू लागले ते जिवंत कीटक पाळल्यावर. कोशावस्थेतील रंगछटा निराळ्या निघाल्या. कॅलिफोर्नियातील जुन्या जातीच्या माद्या नरावाचून माद्यांनाच जन्म देत, तर नव्या जातींत नर-मादी दोन्ही असत. परस्परांशी संकर करून पाहता त्या स्वतंत्र जाती असल्याचे ठरले. या कामात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल डीबाक अग्रणी होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण चीनमधून एक जात आणली गेली. तिला ‘लिंगनानेन्सिस’ हे चिनी प्रदेशनामावरून पडलेले नाव मिळाले. १९५६–५७ मध्ये भारत व पाकिस्तानातून दुसरी जात नेण्यात आली, तिचे नाव ‘मेलिनस’. समुद्रापासून दूरच्या, उष्ण व कोरड्या भागांत मेलिनसने चिनी जातीला जवळजवळ हुसकावून लावले, आणि आज जगातील अनेक लिंबूवर्गीय प्रदेशांत तिचा उपयोग होतो. डीबाक यांचा आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. कीड आटोक्यात असलेल्या बागेतील काही झाडांवर त्यांनी हेतुतः डी. डी. टी. फवारले. परोपजीवी मेले, खवले कीड वाचली, आणि त्या झाडांवर ती बेसुमार वाढली. डोळ्यांना न दिसणारा कीटक काय काम करीत होता हे त्याच्या अभावाने सिद्ध झाले.

वरील दोन्ही प्रकरणांत नगदी पीक पणाला लागले होते. आफ्रिकेतील कसाव्याच्या प्रकरणात माणसांचे अन्न पणाला लागले. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेला, आणि निकृष्ट जमिनीत व अवर्षणातही तग धरणारे हे कंदमूळ तेथील कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न बनले. पाने भाजी म्हणून खावयाची, कंद दळून वा आंबवून खावयाचे, खोडाचे तुकडे पुढच्या लागवडीस ठेवावयाचे, असा त्याचा तिहेरी उपयोग. १९७० च्या दशकाच्या आरंभी काँगो नदीच्या परिसरात, आताच्या काँगो व लोकशाही काँगो या देशांत, एक अनोळखी पिठ्या ढेकूण या पिकावर दिसू लागला. शेंडे आखडत, पाने गळत, कंद पोसत नसत. शिवाय लागवडीचे खोडच खुरटल्यामुळे पुढील वर्षाची लावणीही बुडे. वारा आणि खोडांची ने-आण यांच्यामार्फत कीड एका देशातून दुसऱ्या देशात पसरत गेली. लहान शेतकऱ्याजवळ औषधासाठी पैसा नव्हता, आणि असता तरी मेणचट कवचाखालच्या किडीवर ते फारसे चालले नसते.

१९७७ साली पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील दानिएल मातिल-फेरेरो या विदुषीने काँगोतील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले व तिला ‘फेनाकॉकस मानिहोटी’ असे नाव दिले. जात शास्त्राला नवी होती. मात्र पीक अमेरिकेचे असल्यामुळे कीडही तेथलीच असावी हा तर्क उघड होता. प्रश्न एवढाच की त्या विस्तीर्ण खंडात कोठे? पिठ्या ढेकणाने ग्रासलेला कसावा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात सापडला आणि शोध संपला असे वाटले. तेथील परोपजीवी गोळा झाले. परंतु आफ्रिकेतील ढेकणावर ते वाढेनात.

कारण पुढे लंडनमधील जेनिफर कॉक्स आणि डग्लस विल्यम्स या वर्गीकरणतज्ज्ञांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. उत्तरेकडील ढेकूण आफ्रिकेतल्या ढेकणासारखा दिसत असला तरी जात वेगळी होती. जिवंतपणी एक पिवळसर असतो, दुसरा गुलाबी. पण सूक्ष्मदर्शकासाठी नमुना स्वच्छ करून काचपट्टीवर बसविला की रंग नाहीसा होतो आणि उरतात ती त्वचेवरील सूक्ष्म रंध्रे व नलिका. त्यांची मोजदाद करून भेद ठरवावा लागतो. याहून मूलगामी भेद प्रजननाचा होता. पिवळ्या जातीत नर व मादी दोन्ही असतात, तर आफ्रिकेतील गुलाबी जातीत केवळ माद्याच असतात. १९८१ मध्ये पिवळ्या जातीस स्वतंत्र नाव देण्यात आले ते ‘हेरेनी’. हान्स रुडोल्फ हेरेन हा तरुण स्विस कीटकशास्त्रज्ञ १९७९ पासून नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषिसंस्थेत या किडीविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व करीत होता. हे नाव त्याच्या सन्मानार्थ होते. मोहिमेची ज्या कीटकाने दिशाभूल केली तोच मोहिमेच्या नेत्याचे नाव धारण करून बसला आहे. अशी उदाहरणे नामकरणाच्या इतिहासात विरळाच.

भेद कळताच नकाशा बदलला. उत्तरेस पिवळी जात असेल तर गुलाबी जात दक्षिणेत शोधावयास हवी. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती केंद्राचे अँथनी बेलोटी यांना १९८१ मध्ये ती पॅराग्वेत आढळली. राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेने तेथून तिचे वैरी गोळा केले. ते थेट आफ्रिकेत न नेता प्रथम ब्रिटनमध्ये विलग्नवासात ठेवून त्यांसोबत अन्य अनिष्ट कीटक येत नाहीत ना, हे पाहण्यात आले. त्यांतला एक परोपजीवी एक-दोन मिलिमीटरांचा होता. १९८१ च्या अखेरीस नायजेरियातील शेतांत तो प्रथम सोडला गेला.

या परोपजीवीची मादी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते. पिल्लू आतून ढेकूण पोखरते, आणि ढेकणाचे शरीर फुगून तपकिरी, कडक कवच बनते. त्या कवचाला भोक पाडून नवा कीटक बाहेर पडतो. उष्ण हवेत हा सारा फेरा अडीच-तीन आठवड्यांत उरकतो. शिवाय मादी काही ढेकणांना नांगी खुपसून केवळ त्यांच्या अंगातील रस पिते. त्यात अंडे घातले नाही तरी ते मरतात. तिचे खरे सामर्थ्य मात्र शोध घेण्यात आहे. विखुरलेले, तुरळक ढेकूणही ती हुडकून काढते. त्यामुळे कीड नामशेष होत नाही, पण उपद्रवाच्या पातळीला पोचतही नाही. आणि थोड्या किडीवर थोडे परोपजीवी पिढ्यान्‌पिढ्या जगत राहतात. पॅराग्वेहून त्याच प्रजातीची आणखी एक जात आणून सोडली होती. ती मात्र आफ्रिकेत टिकली नाही. दोघी एकाच पोशिंद्यावर अवलंबून असता एकीने दुसरीवर मात केली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पुढील दशकात हा कीटक वाहनांनी, आणि पुढे विमानांतूनही, देशोदेशी सोडण्यात आला. बराचसा तो आपल्या पंखांनीच पसरला. १९९० च्या सुमारास आफ्रिकेतील वीसहून अधिक देशांत तो स्थिरावला होता आणि बहुतांश क्षेत्रात ढेकणाचा उपद्रव ओसरला होता. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात या योजनेतील लाभ व खर्च यांचे प्रमाण सुमारे दीडशेस एक असे काढले आहे. असल्या गणितांत गृहीतांचा वाटा मोठा असतो, म्हणून आकडा अक्षरशः घेऊ नये. परंतु शेतकऱ्याने स्वतः एक पैसाही खर्च केला नाही, ही गोष्ट कोणत्याही गृहीतावर अवलंबून नाही. १९९५ मध्ये हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो सर्वथा योग्य होता. तथापि या मोहिमेच्या लोकप्रिय हकीकतींत हेरेन यांच्या नेतृत्वाचे आणि विमानांचे जितके वर्णन असते, त्याच्या शतांशानेही मातिल-फेरेरो, कॉक्स व विल्यम्स यांच्या काचपट्ट्यांचे नसते. रंध्रांची मोजदाद झाली नसती, तर विमानांतून कोणता कीटक सोडावयाचा हेच ठरले नसते.

स्वतः परोपजीवीच्या नावाची कथाही सरळ नाही. अर्जेंटिनाचे दे सान्तिस यांनी १९६४ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा त्यास अपोअॅनागायरस या प्रजातीत घातले. आफ्रिकेच्या मोहिमेच्या काळातील बहुतेक निबंधांत तो एपिडिनोकार्सिस म्हणून येतो, नंतर पुन्हा अपोअॅनागायरस म्हणून, आणि अलीकडच्या लेखनात अॅनागायरस म्हणून. ‘लोपेझी’ हे दुसरे पद तेवढे सर्वत्र स्थिर आहे. म्हणजे मोहिमेचे साधन ठरलेला हा कीटक, ज्याची कोणास गरज नव्हती अशा काळी, सतरा वर्षे आधीच, वर्णन होऊन ग्रंथात पडून होता.

या कीटकाचा महाराष्ट्राशीही संबंध जडला आहे, व तो उपवासाच्या ताटातून. साबुदाणा कसाव्याच्या स्टार्चपासून होतो. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले. पुढे तामिळनाडूतील सेलम हा त्यापासून साबुदाणा करण्याच्या उद्योगाचा मुख्य जिल्हा बनला, आणि एकादशी-चतुर्थीला मराठी घरांतून होणारी खिचडी मोठ्या प्रमाणात तेथील मालावर अवलंबून राहिली. २०२० मध्ये केरळातील त्रिशूर येथे गुलाबी ढेकूण सापडला व लवकरच तामिळनाडूत पसरला. या वेळी शोधमोहिमेची गरज पडली नाही. कीड कोणती, तिचा वैरी कोणता आणि तो कोठे मिळेल, ही तिन्ही उत्तरे ग्रंथांत तयार होती. थायलंडनेही २००९ मध्ये त्यांचाच लाभ घेतला होता. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने २०२१ मध्ये बेनिनमधून लोपेझी आणविला, विलग्नवासात तपासला, आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यात तो शेतांत सोडला गेला. आफ्रिकेत कीड दिसल्यापासून वैरी सोडेपर्यंत सुमारे आठ वर्षे गेली होती. भारतात दोन वर्षांत हे घडले.

पपईवरील पिठ्या ढेकणाचा अनुभवही असाच. तो २००८ मध्ये कोइंबतूर येथे आढळला, आणि पुणे परिसरातील पपईच्या बागाही त्याच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत. ही मध्य अमेरिकेतील जात १९९२ मध्येच वर्णन होऊन तिचे परोपजीवी पोर्तो रिकोत पाळले जात होते. २०१० मध्ये तीन जाती भारतात आणण्यात आल्या, त्यांतील अॅसेरोफॅगस पपाये ही उत्तम रीतीने रुजली.

कपाशीवरील पिठ्या ढेकणाच्या बाबतीत मात्र जुना घोळ पुन्हा उपटला. २००५ नंतर भारत-पाकिस्तानात कपाशीवर जो ढेकूण पसरला, त्याला काहींनी एक परिचित जात म्हटले, तर पाकिस्तानात त्यास नवीच जात समजून नवे नाव देण्यात आले. अखेर ती अमेरिकेतील टिन्स्ले याने १८९८ मध्ये वर्णन केलेली ‘सोलेनॉप्सिस’ जात ठरली. विदर्भासह देशातील कपाशीच्या पट्ट्यात शेतकरी फवारणीमागून फवारणी करीत असताना ढेकणाच्या वाळलेल्या तपकिरी कवचांतून एक काळा परोपजीवी आपोआप बाहेर पडू लागला. त्याला कोणी आणले नव्हते, बहुधा ढेकणाबरोबरच तो येथे पोचला असावा. अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये त्याचे ‘इनेशियस बंबावालेइ’ असे नामकरण केले. कीटकशास्त्रज्ञ बंबावाले यांच्या नावामुळे एक मराठी आडनाव लॅटिन विभक्तिप्रत्यय लेवून कीटकांच्या सूचीत दाखल झाले. पुढे तुलना करता आढळले की अॅरिझोनातील नमुन्यांवरून जिरो याने १९१५ मध्येच याचे वर्णन केले होते. प्राणिनामकरणाच्या नियमांत अग्रक्रम जुन्या नावाचा असतो, त्यामुळे आता मान्य नाव ‘अॅरिझोनेन्सिस’ हे आहे आणि ‘बंबावालेइ’ हे पर्यायनामांत गेले आहे. कीटक तोच, काम तेच. परंतु २००९ नंतरच्या काही वर्षांतील भारतीय निबंध चाळणाऱ्यास कपाशीवरील या परोपजीवीची माहिती शोधताना दोन्ही नावांखाली पाहावे लागते.